गाडीचा जीव तपकिरी डबीत

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुम्ही आजवर पुष्कळ गाड्या पाहिल्या असतील, पण माझी पाहिली नसेल तर तुम्ही गाडी अशी पाहिलेलीच नाही!

साठच्या दशकातली अस्सल जर्मन रोडस्टर. दोन दारं, दोनच सीटा, वर घडी होणारं कापडी छत, डाव्या हाताला स्टिअरिंग आणि रंग हस्तिदंती. पुढच्या बंपरचं क्रोम असं की त्यात बघून दाढी करावी. मी एकदा केलीही आहे. तेव्हापासून बंपरवर साबणाचा एक डाग राहिलाय असं बायकोचं म्हणणं आहे. मला तो दिसत नाही.

आणि ही गाडी उभी केली कोणी? मी! एकट्याने! सात वर्षं खपून! बरं, मी काही मेकॅनिक नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक हसले. म्हणाले, चष्मेवाला आणि इंजिन? अहो, पण ज्या माणसाने उभं आयुष्य तांदळाच्या कणीएवढे स्क्रू फिरवण्यात घालवलं, त्याला इंजिनाचे नट म्हणजे कलिंगडं! मी गाडीचा सांगाडा होईपर्यंत सगळं खोललं. एकेक भाग पुसून, कापडात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवला, वर चिठ्ठी लावली. चारशे बारा डब्या भरल्या. सात वर्षांनी त्याच चारशे बारा डब्या रिकाम्या झाल्या. एक वॉशर हरवला नाही, एक स्प्रिंग उरली नाही. डब्या कधी चुकत नाहीत माझ्या, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

सांगायचो. आता सांगत नाही.

गाडी मूळची माझ्या सासऱ्यांची. कारखाना उभारायला आलेला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परत जाताना ती त्यांना विकून गेला. दहा वर्षं त्यांनी ती मिरवली. मग ती एकदा बंद पडली ती पडलीच, आणि तीस-पस्तीस वर्षं ताडपत्रीखाली झोपली. एक दिवस मीच धीर करून म्हणालो, "बाबा, मी करू का दुरुस्त?"

सासऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"जावईबापू, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. पण न्या. जागा अडलीय."

हे असं आहे बघा! लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या माणसाने मला कधी 'बरं केलंत' एवढंही म्हटलेलं नाही. मी दुकान मोठं केलं, तेव्हा म्हणाले, "वीजबिल वाढेल." मी घर बांधलं, तेव्हा म्हणाले, "जिना अरुंद झालाय." आता तुम्हाला कळलं असेल मी सात वर्षं कशासाठी घासत होतो ते. मला त्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'चांगलं झालंय' ऐकायचं होतं. आणि मुहूर्तही तसाच होता. त्या रविवारी सासऱ्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. दहा वाजता त्यांनी माझ्याकडे यायचं, गाडीत बसायचं आणि मी त्यांना गावभर फिरवायचं. तोवर त्यांना गाडी दाखवायची नाही, असं मी ठरवलं होतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, अगदी थोडक्यात. या गाडीच्या इंजिनात ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर म्हणून एक भाग असतो, वर टोपण असलेला. त्याच्या पोटात अंगठ्याएवढा काळा तुकडा फिरतो, त्याला म्हणतात रोटर. तो दोन बोटांनी उचलून काढता येतो, आणि काढला की चोराने दिवसभर चावी फिरवली तरी गाडी ढिम्म हलत नाही. सासऱ्यांची त्या काळातली शिस्त होती, रोज संध्याकाळी रोटर काढायचा आणि खिशात घालून घरात जायचं. "गाडीचा जीव आपल्या खिशात असावा," असं ते म्हणायचे. गाडी देताना त्यांनी हा एकच सल्ला दिला होता. मी तो तंतोतंत पाळला. रोज रोटर काढायचो, डबीत ठेवायचो, डबी खिशात.

डबी कसली? चष्म्याची. रंग तपकिरी.

आता शनिवारी संध्याकाळी दुकानात काय झालं ते सांगतो. काउंटरवर तीन तपकिरी डब्या. एकीत सासऱ्यांचा नवा चष्मा, लांबचं बघायचा. दुसरीत मुख्याध्यापिका बाईंचा, वाचायचा. या बाई निवृत्त आहेत, मला त्यांनी शाळेत शिकवलंय आणि अजून त्यांच्यासमोर माझे हात आपोआप घडी होतात. तिसऱ्या डबीत रोटर. आणि काउंटरच्या पलीकडे एक नवखं गिऱ्हाईक, ज्याने नुसतं विचारलं होतं, "हा भिंतीवरचा फोटो कुठल्या गाडीचा हो?"

झालं! मी सुरू झालो. बंपर सांगितला, दोन कार्ब्युरेटर सांगितले, डॅशबोर्डवरचं घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवतं तेही सांगितलं. तेवढ्यात बाई आल्या, त्यांना न बघताच एक डबी दिली. बायको आली, म्हणाली बाबांचा चष्मा द्या, तिला एक दिली. उरलेली खिशात घातली. सगळं कसं सफाईने, बोलणं एका शब्दाने न अडखळता!

रविवारी दहाच्या ठोक्याला सासरे हजर. पांढरा शर्ट, खिशाला बटण. मी गॅरेजचं दार उघडलं. ते ताठ मानेने आत गेले, हात पुढे करून दार चाचपलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं सोडून थेट स्टिअरिंगसमोर जाऊन बसले.

"बाबा, चष्मा घेतलात ना?" बायकोने विचारलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "घेतलाय. गाडी सुरू झाली की घालीन. बंद गाडी काय बघायची? बंद तर मी पुष्कळ वर्षं पाहिली."

मी हसत हसत बॉनेट उघडलं, टोपण काढलं, खिशातून डबी काढली, ऐटीत उघडली. आत चष्मा!

पण डोकं शाबूत ठेवलं. चष्मा नंबरप्लेटवर धरला, मागे-पुढे केला. वाचायचा चष्मा, नंबर अडीच. काच बघून मी माणूस सांगतो, उगाच नाही पस्तीस वर्षं धंदा केला! हा बाईंचा. म्हणजे रोटर बाईंकडे.

बायको मागे येऊन कुजबुजली, "अहो, बाबांचा नाही ना हा?"

"बाबांचा लांबचा, हा जवळचा. बाबांचा चष्मा मी ओळखणार नाही?"

"तसं नाही हो, पण एकदा त्यांची डबी..."

"ती त्यांच्या खिशात आहे! आता विचारलंस ना तू? मग?" आणि बाबांकडे वळून मी ओरडलो, "पाच मिनिटांत आलो! इंजिनाला जरा हवा लागू दे!"

बायकोच्या सायकलवरून निघालो. बाई खिडकीशी बसल्या होत्या. नाकावर चष्मा! तपकिरी फ्रेम, माझ्याच दुकानातली. इथे एक कबुली देतो. त्या तपकिरी फ्रेमचा शंभराचा गठ्ठा मी एकदम उचलला होता आणि वर्षभर जो येईल त्याला 'तुमच्या चेहऱ्याला हीच खुलते' म्हणून देत होतो. निम्मं गाव तपकिरी होतं.

"बाई, चष्मा मिळाला तुम्हाला?"

"मिळाला. पण अरे, वाचता येत नाही यातून. अक्षरं सगळी पुसट. आणि गंमत म्हणजे समोरच्या गच्चीवर तो मनुष्य उभा आहे ना, त्याच्या शर्टाची बटणं मोजता येताहेत. सहा आहेत. एक तुटलंय."

आता कोणाही शिकाऊ चष्मेवाल्याच्या डोक्यात इथे दिवा लागला असता. माझ्या डोक्यात फक्त रोटर होता.

"सवय होईल बाई, आठवडाभर लावा. डबी कुठाय? डबीत आणखी काही निघालं का? काळं, अंगठ्याएवढं?"

बाई खुर्चीत एकदम पाय वर घेऊन बसल्या. "काळं? म्हणजे?"

"घाबरू नका. फक्त हातात धरू नका, मोडायचं."

डबी रिकामी होती. म्हणजे खिशातला चष्मा बाईंचा नव्हे, कारण बाईंचा तर बाईंच्या नाकावर! मी सायकल वळवली. शनिवारी वाचायचा चष्मा नेलेला दुसरा माणूस म्हणजे चौकातला वाहतूक हवालदार. मागे बाई फोन फिरवत होत्या, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं.

चौकात हवालदारसाहेब दोन्ही हात पसरून उभे. मी सरळ त्यांच्या पायाशी सायकल टाकली.

"साहेब, तुमची चष्म्याची डबी! उघडा, पण जपून!"

"का? काय झालं?"

"आत एक काळी वस्तू असेल..."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या बायकोचा असावा. साहेब दोन वेळा "काय?" म्हणाले, तिसऱ्यांदा "अगं काय सांगतेस!" म्हणाले, आणि खिशातून डबी काढून त्यांनी ती जी भिरकावली, ती थेट चौकाच्या मध्यभागी!

"विंचू!" साहेब ओरडले. "तुमच्या डब्यांतून विंचू निघताहेत! मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांना कळवलंय!"

चारी बाजूंची वाहनं थांबली. मी पोटावर आडवा होऊन एका टेम्पोच्या चाकापुढून डबी ओढली. उघडली. आत चष्मा पुसायचं फडकं. साहेबांचा चष्मा अर्थात त्यांच्याच नाकावर होता.

"साहेब, विंचू नाही हो. माझ्या गाडीचा भाग आहे."

"विंचवाच्या डबीत गाडीचा भाग?"

"चष्म्याच्या डबीत!"

"चला," साहेब शिट्टी खिशात घालत म्हणाले. "घरी चला तुमच्या. गाडीही बघू, कागदही बघू."

घरी पोहोचलो आणि माझी पाचावर धारण बसली. फाटकापाशी पंचवीस-तीस माणसं! सगळ्यांच्या नाकावर तपकिरी चष्मे, सगळ्यांच्या हातात तपकिरी डब्या, तीही कोणी चिमट्यात धरलेली, कोणी काठीच्या टोकाला बांधलेली. एका आजोबांनी ती बादलीत पाण्यात बुडवून आणली होती. सर्वांत पुढे मुख्याध्यापिका बाई. मला बघताच सगळे एकदम बोलायला लागले.

आणि गॅरेजमध्ये, त्या गलक्याच्या मधोमध, सासरे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसले होते. पावणेबारा वाजले होते. डॅशबोर्डवरच्या घड्याळातसुद्धा.

"जावईबापू, ही एवढी माणसं गाडी बघायला आलीत?"

काय सांगू त्यांना? त्या चेहऱ्यावर मी बावीस वर्षांत पहिल्यांदा समाधान बघत होतो.

"हो बाबा," मी म्हणालो.

"मग लावा चालू."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. मी बंपरपाशी उभा राहून, साबणाच्या त्या डागाकडे बघत, कसंबसं म्हटलं, "बाबा, रोटर हरवला. नवा मागवायचा तर दोन महिने लागतील."

सगळ्यांच्या डब्या खाली आल्या. बादलीवाल्या आजोबांनी बादलीसुद्धा खाली ठेवली.

सासऱ्यांनी स्टिअरिंगवरून एक हात काढला, मग दुसरा. "वाटलंच होतं मला," ते म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. ते अगदी हळू बोलले, आणि मला सात वर्षांचा थकवा एकदम त्याच क्षणी आला. दार उघडून ते बाहेर उतरले. "दोन महिने. बरं. या वयात दोन महिने मोठे असतात हो. आलोच आहे तर निदान दिसते कशी ते बघून जातो."

त्यांनी खिशाचं बटण सोडलं आणि डबी बाहेर काढली. तपकिरी.

"थांबा!" बाई किंचाळल्या. "उघडू नका! विंचू असेल!"

गर्दी चार पावलं मागे सरली. हवालदारसाहेब आठ. सासऱ्यांनी शांतपणे डबी उघडली, आत बोटं घातली आणि तिथेच थबकले.

काय आहे ते त्यांनी बघितलं नाही. बघून त्यांना दिसलंही नसतं. त्यांनी नुसता अंगठा फिरवला. एकदा. दोनदा.

"पितळी टोकाला ओरखडा आहे," ते म्हणाले. "ही जन्मायची होती ना, त्या दिवशी हिच्या आईला दवाखान्यात न्यायच्या घाईत माझ्या हातून फरशीवर पडला होता. तोच आहे हा." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुम्ही नवा नाही बसवलात?"

"नाही बाबा. सगळं जुनंच आहे. सगळं तुमचंच."

बायको डोळ्यांना पदर लावत होती. मलाही भरून आलं होतं, पण तेवढ्यात तीच बायको कानाशी म्हणाली, "मी सकाळी दहा वाजताच सांगत होते, बाबांची डबी बघा म्हणून." मग माझं भरून आलेलं जरा ओसरलं.

रोटर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवला, चाचपून, चार सेकंदांत. टोपण लावलं. मी चावी फिरवली. एकदा खर्रर्र झालं, दुसऱ्यांदा इंजिन असं लागलं की मागच्या भिंतीवरची कॅलेंडरं हलली! लोकांनी विंचू विसरून टाळ्या वाजवल्या. मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो, जणू टाळ्या घ्यायलाच आलो होतो.

"आता चष्मा द्या," सासरे म्हणाले.

खिशातला चष्मा मी झोकात त्यांच्या हातात दिला. रोटर बाबांच्या डबीत, म्हणजे हा बाबांचाच असणार. त्यांनी तो लावला आणि गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"धुकं पडलंय का हो?"

"सवय होईल बाबा, आठवडाभर..." मी म्हणायला आणि बाई पुढे यायला एकच गाठ पडली. त्यांनी स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढून सासऱ्यांच्या नाकावर चढवला, आणि सासऱ्यांचा आपल्या नाकावर. मग हवालदारसाहेबांनी मघाशी मागून घेतलेले माझ्या गाडीचे कागद त्यांच्या हातातून ओढून खाडखाड वाचून दाखवले, अगदी तळटीपेसकट.

"स्वच्छ दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि तीस गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी माझा कान पिरगाळला. "शाळेतसुद्धा असाच होतास तू. उत्तर बरोबर लिहायचास आणि मग खोडून टाकायचास!"

खोटं नाही. पहिल्यांदा मी ओळखला होता तो चष्मा बाईंचाच होता. तेवढा मान तरी मला द्या!

पण माझं लक्ष कानाकडे नव्हतं. सासरे गाडीभोवती फिरत होते. हात पाठीमागे, मान किंचित पुढे. दारं बघितली, छत बघितलं, सीटची शिलाई बघितली. बंपरपाशी वाकले. ते सरळ झाले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "चला," एवढंच म्हणाले.

आम्ही गाव पालथं घातलं. चौकात हवालदारसाहेबांनी आमच्यासाठी चारी बाजू अडवल्या. प्रत्येक वळणावर सासऱ्यांचा पाय रिकाम्या फळीवर ब्रेक दाबत होता. परत आलो तेव्हा गर्दी अजून फाटकाशी होती. मी इंजिन बंद केलं. आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, माझ्या वेळी ही इतकी चांगली कधीच चालली नाही."

ऐकलंत? पुन्हा वाचा हवं तर! मी त्यांना पुन्हा म्हणायला लावणार होतो, पण बायकोने चिमटा काढला. त्या क्षणी मला माझ्याहून मोठा माणूस गावात दिसत नव्हता. मी गिऱ्हाइकांकडे वळून बघितलं, साहेबांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, सगळ्यांनी नीट ऐकलं याची खात्री करून घेतली.

तेवढ्या वेळात सासऱ्यांनी बॉनेट उघडून टोपण काढलं होतं. दोन बोटांनी रोटर उचलला, तपकिरी डबीत ठेवला, डबी खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

"बाबा, अहो, तो..."

"गाडीचा जीव आपल्या खिशात असावा," ते म्हणाले. "उद्या सकाळी सातला या. उशीर करू नका."

त्याला आता चार महिने झाले. रोज सकाळी पावणेसातला मी सायकलवरून सासऱ्यांकडे जातो, त्यांना मागे बसवून इकडे आणतो, ते रोटर बसवतात, गाडीही हल्ली तेच चालवतात. मी शेजारी बसतो. परत आल्यावर मी बंपर पुसतो. दुकानातल्या डब्या आता पाच रंगांच्या आहेत आणि त्या गिऱ्हाइकांना बायको देते.

पण गाडी माझीच आहे, बरं का! माझ्याच नावावर आहे. खोटं वाटत असेल तर हवालदारसाहेबांना विचारा, त्यांनी कागद बघितलेत.